‘दुसरं हेल्मेट कशाला, पायलट?’

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या मंडळाच्या सचिवांचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देतो.

‘आमचं मंडळ गेली अकरा वर्षं देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) रक्तदान शिबिर घेतं. चवथ (गणेश चतुर्थी) सरली की पुढच्या एखाद्या रविवारी. दरवर्षी पस्तीस-चाळीस बाटल्या हमखास व्हायच्या. दोन वर्षांमागे गावातल्या एका धंदेवाल्याने प्रत्येक रक्तदात्याला हेल्मेट दिलं, तर १०४ जण आले. गेल्या वर्षी त्याने हात आखडता घेतला आणि आले १९. आमचे जुने, न चुकता येणारे लोकही त्यात नव्हते. यंदा तोच माणूस मिक्सर द्यायला तयार आहे, पण दारात स्वतःच्या फोटोचा बॅनर मागतो. पंचायतीची निवडणूक जवळ आली आहे. कमिटीत दोन तट पडलेत. लोक इतके स्वार्थी झाले का, की आमिष दाखवल्याशिवाय रक्तही देत नाहीत? मिक्सर घ्यावेत, की शिबिरच बंद करावं? आणि एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी आभाराच्या वेळी माझं नाव घ्यायचं राहून गेलं, ते मला फार लागलं. म्हणजे मीही त्यातलीच का?’

ताई,

१०४ आणि १९ या आकड्यांखाली तुम्ही दोन-दोन रेघा मारल्या आहेत. मी मात्र तुमच्या ताज्या कलमापाशी अडकलो. पहिल्या शिबिरापासून एकदाही न चुकलेले एक मोटारसायकल पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारे, हेल्मेटच्या वर्षी रांगेत उभे होते. मागून कोणीतरी म्हणालं, ‘दुसरं हेल्मेट कशाला, पायलट?’ सगळे हसले. तेही हसले. रक्त दिलं, भाजी-पाव न खाता निघाले आणि हेल्मेट टेबलावरच राहिलं. गेल्या वर्षी ते आले नाहीत. तुम्ही हे सहज, जाता जाता लिहिलंय, पण १९चा उलगडा मला तिथेच सापडतो.

त्या आधीची नऊ वर्षं त्या रांगेत उभं राहण्याचा अर्थ एकच होता. हा माणूस अनोळखी कोणासाठी तरी रविवारची सकाळ आणि एक बाटली रक्त द्यायला आलाय. कोणाला ते समजावून सांगावं लागत नव्हतं. टेबलावर हेल्मेटांची चळत लागली आणि तीच रांग दुसरं काही सांगू लागली. आता बाहेरून बघणाऱ्याला कळेना, कोण रक्त द्यायला आलाय आणि कोण हेल्मेट न्यायला. दाता आणि गिऱ्हाईक एका ओळीत उभे. ज्याला हेल्मेट हवं होतं त्याला याचं काही वाटलं नाही. ज्याला नको होतं, त्याची मात्र नऊ वर्षांची कमाई एका विनोदात गेली.

याचं रीतसर गणितही मांडलेलं आहे. रोलां बेनाबू आणि ज्यां तिरोल या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की चांगल्या कामामागे तीन गोष्टी असतात: आतली ओढ, हाती पडणारा मोबदला आणि ‘लोक आपल्याला काय समजतील’ हा विचार. मोबदला वाढवला की दुसरी गोष्ट वाढते, पण तिसरी खाली येते, कारण कृतीवरून माणूस ओळखणं अवघड होऊन बसतं. कधी बेरीज वर जाते, कधी खाली. तिरोल यांना पुढे २०१४चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. पण तुमच्या अग्रशाळेत जे घडलं त्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तेव्हा ‘लोक स्वार्थी झाले’ हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. त्याच्या पोटातलं दुसरं गृहीतक तर त्याहून कच्चं आहे: की आधी लोक निव्वळ निःस्वार्थ होते. आधीही कोणी हवेतून येत नव्हतं, ताई. तुम्ही घरोघर फोन करत होता. ‘बाय, तू येतलीच मगे?’ असं नाव घेऊन विचारलं की माणूस नाही म्हणत नाही. शेजारचा गेला, आपण नाही गेलो, तर संध्याकाळी नाक्यावर विषय निघतो. तरुण पोराच्या दंडावरची ती कापसाची पट्टी दुपारपर्यंत तशीच ठेवलेली असते, काढायला विसरला म्हणून नव्हे. हे सगळं चांगलंच आहे. वाड्यावर नाव ही चलनी वस्तू आहे आणि ती फार जुनी आहे. जत्रेतली पावणी आठवा. देवाला वाहिलेला नारळ बाजारात मिळतो त्याच्या कितीतरी पट बोलीला जातो, आणि बोली लावणाऱ्याला खोबरं नकोच असतं. त्याचं नाव घेऊन हाक पडते, गाव ऐकतो, पैसे देवळाकडे जातात. यात कोणी कोणाला लोभी म्हणत नाही. आता कल्पना करा, देवस्थानाने जाहीर केलं की जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला एक मिक्सर मोफत. पावणीची मजाच गेली.

आणि तुमचं नाव राहून गेलं, ते लागलं, याची लाज वाटण्याचं कारण नाही. अकरा वर्षं फोन करणाऱ्या, रक्तपेढीशी तारखा जुळवणाऱ्या, आदल्या रात्री खुर्च्या मोजणाऱ्या माणसाला आपली नोंद असावी असं वाटलं तर तो काही ढोंगी ठरत नाही. नाव व्हावं म्हणून वाईट काम चांगलं दाखवणं निराळं, आणि केलेल्या कामाची आठवण राहावी असं वाटणं निराळं. ज्या दिवशी रक्त कमी आणि फोटो जास्त अशी निवड समोर येईल आणि तुम्ही फोटो घ्याल, त्या दिवशी मला पुन्हा पत्र लिहा.

आता भेटवस्तूंबद्दल जगात काय अनुभव आलाय ते बघू, कारण कमिटीच्या बैठकीत तुम्हाला ते लागेल.

हा वाद पन्नासेक वर्षांचा आहे. १९७० मध्ये रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने म्हटलं की रक्ताला पैसे मोजले तर दात्यांची भावना मारली जाते आणि रक्ताची प्रतही घसरते, कारण पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो. पुष्कळांना तेव्हा हे भाबडं वाटलं. पुढे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, तो २००८ मध्ये छापून आला. रक्तदाता होण्यासाठी तपासणी करून घ्याल का, असं विचारलं. काही देणार नाही असं सांगितलं तेव्हा ५२ टक्के मुली तयार झाल्या. ५० क्रोनर देऊ म्हटल्यावर ३० टक्के. ते ५० क्रोनर हवे तर एका धर्मादाय संस्थेला द्या, अशी मुभा दिली तर पुन्हा ५३. मुलांमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. रक्कम तीच. ती नाकारायची वाट मिळाली, एवढंच. तुमच्या पायलटांना तशी वाट नव्हती, म्हणून त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

गेल्या वर्षी हेल्मेट नव्हतं, मग लोक जुन्यासारखे का आले नाहीत, हे कोडं इस्रायलमधल्या हैफा शहराच्या पाळणाघरांनी सोडवलंय. दहा पाळणाघरं होती. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा ठिकाणी उशिराबद्दल छोटासा दंड लावला. झालं काय, उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला की बाईंसमोर मान खाली जायची. आता दंड भरला की हिशेब मिटला. मग दंड काढून टाकला. तरी उशीर पहिल्यासारखा खाली आला नाही. एकदा किंमत लागली की ती काढून घेतल्यावरही वस्तू विकायचीच राहते, फक्त फुकट झालेली असते. तुमच्या शिबिरातही रक्ताला एकदा हेल्मेटाची किंमत लागली. पुढच्या वर्षी तुम्ही ते ‘फुकट’ मागितलंत.

पण मी एकाच बाजूचं सांगून तुम्हाला बैठकीत पाठवणार नाही, नाहीतर मिक्सरवाला तट तुम्हाला गप्प करील. अमेरिकेत रेड क्रॉसच्या शिबिरांत पाच, दहा, पंधरा डॉलरची भेटकार्डं देऊन पाहिली. दाते वाढले, आणि रक्त खराब निघण्याचं प्रमाण वाढल्याचंही दिसलं नाही. म्हणजे भेट दिली की सगळं नासतं असं नाही. आपल्याकडेही बघा ना. माटोळीच्या (चवथीला गणपतीवर बांधतात त्या रानफळांच्या छताच्या) स्पर्धेमुळे कितीतरी घरांतली पोरं आजोबांबरोबर रानात जाऊन फळांची नावं विचारू लागली. त्याचबरोबर बक्षिसापायी रान ओरबाडलं जातं ही तक्रारही ऐकू येते. (दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धांबद्दल मी काही बोलत नाही. आमच्या गल्लीतला नरकासुर दरवर्षी विजेच्या तारांशी जरा जास्तच सलगी करतो.) मात्र त्याच अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: वाढलेल्या दात्यांतले बरेच जण आजूबाजूच्या शिबिरांतून इकडे वळलेले होते. तुमच्या १०४ मध्ये शेजारच्या गावातले किती होते? त्या गावच्या शिबिरात त्या वर्षी किती बाटल्या झाल्या? हे विचारून बघा.

इथेच मला तुमचं तिसरं गृहीतक खटकतं, की १०४ म्हणजे यश. रक्तपेढीला आकड्यापेक्षा सातत्य लागतं. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा प्लेटलेट्ससाठी धावाधाव होते. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात तेव्हा शिबिरं कमी होतात. एका रविवारी आलेल्या १०४ बाटल्या त्या मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत. त्याउलट चाळीस माणसं, जी वर्षातून दोनदा येतात आणि मध्यरात्री बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून फोन आला तरी निघतात, ती तालुक्याची खरी ठेव. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तुमची यादी तेवढी चालती ठेवा.

आता मिक्सर. माझं मत स्पष्ट आहे: नको. एक तर कायद्याच्या दृष्टीनेही ती वाट निसरडी आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. स्वेच्छा रक्तदानात चहा-नाश्ता, येण्या-जाण्याचा खर्च, एखादी छोटीशी आठवण एवढं चालतं, असा जगभरचा संकेत आहे. मिक्सरला छोटीशी आठवण म्हणायला फार मोठं मन लागेल. दुसरं म्हणजे बॅनर. निवडणुकीच्या तोंडावर त्या फोटोखालून आत गेलेल्या प्रत्येकावर आणखी एक शिक्का बसणार. आता ‘वस्तूसाठी आला’ एवढ्यावर भागायचं नाही, ‘अमक्याचा माणूस’ असंही लोक म्हणतील. समोरच्या गटातली वीस घरं त्याच क्षणी गळाली.

तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. वस्तू मोठी झाली की माणूस खोटं बोलतो. तपासणीच्या टेबलावर डॉक्टर विचारतात, कावीळ झाली होती का, गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का, कुठली गोळी चालू आहे. बाहेर मिक्सर ठेवलेला असताना या प्रश्नांची खरी उत्तरं येतील अशी खात्री मला नाही. रक्ताची चाचणी होते हे खरं, पण अगदी ताजी लागण चाचणीतही निसटू शकते. तिथे दात्याचा शब्द हीच शेवटची चाळणी असते.

त्या गृहस्थांना मात्र तोडू नका. गावात राहायचंय. त्यांना म्हणा, तुमचं पाठबळ हवंय, फक्त ते रक्तदात्याच्या हातात जाऊ नये. बसचा खर्च घ्या, भाजी-पाव आणि कोकम सरबत तुमच्याकडून होऊ द्या, किंवा मे महिन्यात दुसरं शिबिर घेऊ, त्याचा मंडप तुमचा. आभाराच्या फलकावर सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच अक्षरात नाव. ते तयार झाले तर उत्तम. चिडून निघून गेले, तर ते नक्की कशासाठी देत होते हे बैठकीत कोणालाच समजावून सांगावं लागणार नाही.

शिबिर बंद करण्याचा विचार मला थकव्यातून आलेला वाटतो. त्याला उत्तर देत नाही.

मग वस्तूच्या जागी काय? नाव. पण नीट विचार करून. झांबियाच्या लुसाका शहरात केशकर्तनालयांतून आरोग्याच्या कामासाठी महिलांचे कंडोम विकायचे होते. काही दुकानदारांना कमी कमिशन दिलं, काहींना जास्त, आणि काहींना कमिशन न देता दुकानात लावायला एक तापमापकासारखा तक्ता दिला; प्रत्येक विक्रीला त्यावर एक तारा. तारेवाल्यांनी बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट विक्री केली. पैसे घेणाऱ्यांपेक्षाही. तारा पैशापेक्षा स्वस्त होता, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता, आणि तो एकच गोष्ट सांगत होता.

तुमच्या अग्रशाळेत तसा फळा लावता येईल. पण एक धोका आहे आणि तो बायकांना आधी भोवतो. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, वजन निदान ४५ किलो. आपल्याकडच्या कितीतरी बाया तिथेच परत पाठवल्या जातात. चारचौघांत ‘तुमचं रक्त कमी’ हे ऐकून गेलेली बाई पुढच्या वर्षी येत नाही. माझ्या घरातलंच उदाहरण आहे. दुसरीकडे, ज्याला आत कुठेतरी माहीत आहे की आपण रक्त देऊ नये, त्यालाही सगळा वाडा बघत असताना मागे फिरता येत नाही. नावाचा दबाव म्हणजे अशा वेळी मिक्सरचाच भाऊ. म्हणून फळ्यावर ‘दिलं’ असं लिहू नका, ‘आले’ असं लिहा. नाव नोंदवून टेबलापर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला तोच बिल्ला, तोच भाजी-पाव, त्याच फळ्यावर तीच रेघ. परत पाठवलेल्यालाही. आत काय झालं ते डॉक्टर आणि तो माणूस बघून घेतील. आणि रक्तपेढीला विचारा, घरी गेल्यावर कोणाला सांगावंसं वाटलं की माझं रक्त वापरू नका, तर गुपचूप फोन करायची सोय आहे का. असेल तर तो नंबर चिठ्ठीवर छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

एक गोष्ट मला स्वीडनकडून उचलावीशी वाटते. तिथे दात्याचं रक्त एखाद्या रुग्णाला दिलं गेलं की त्याच्या मोबाइलवर निरोप येतो. आपल्याकडे तेवढी यंत्रणा नसेल, पण तुम्ही महिन्याभराने रक्तपेढीला फोन करून एवढं तर विचारू शकता की आमच्या शिबिरातल्या बाटल्या वापरात आल्या का. उत्तर आलं की मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाका. कोणाचा फोटो नको, रुग्णाचं नाव तर नकोच.

वाड्यावरची स्वच्छता असो, वाचनालयाला पुस्तकं द्यायची असोत की शिगम्याला रोमटातल्या (मिरवणुकीतल्या) पोरांसाठी पाणी भरायचं असो, असं काही चालवणारे इतरही वाचक हे वाचत असतील. बक्षीस ठरवण्याआधी एक करून बघा: पलीकडच्या बाकावर बसून, आपण त्या गावचे नाही असं समजून, रांगेकडे पाहा. हे लोक का आलेत असं कोणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? उत्तर द्यायला अडखळलात, तर बक्षीस लहान करा, किंवा माणसाऐवजी कामाला द्या. झाडू द्या, पुस्तकांची मांडणी द्या, पाण्याचा टँकर द्या.

राहिले पायलट. बैठकीच्या आधी त्यांना भेटा, नंतर नको. नंतर गेलात तर ठराव घेऊन आल्यासारखं दिसेल. त्यांच्याकडे रक्त मागू नका. माफीही मागू नका, त्याने ते आणखी अवघडतील. त्यांच्याकडे काम घेऊन जा. अकरा वर्षांत कोण कोण आलं हे त्यांच्याइतकं तुमच्या वहीतही नसेल. ती चाळीस जणांची यादी त्यांनी करून द्यावी, आणि मध्यरात्री फोन आला तर पहिला निरोप त्यांच्याकडून जावा. स्टँडवर चार लोकांत बोलणं जमणार नाही म्हणून त्यांच्याच मोटारसायकलवरून बाजारापर्यंत भाड्याने जा. पैसे द्या, ते नको म्हणतील तरी द्या. बसताना ते तुम्हाला मागच्या माणसासाठी ठेवलेलं हेल्मेट काढून देतील. दुसरं हेल्मेट पायलटाला कशाला लागतं, हे त्या दिवशी रांगेत हसणाऱ्या कोणालाच सुचलं नव्हतं.